समईला लागलेला ज्वालामुखी

आमच्या हिच्या मामांना आज कोणता वार आहे हे उभ्या जन्मात एकदाही बरोबर सांगता आलं नाही. पण पाऊण लाख वर्षांपूर्वीची गोष्ट विचारा, जणू परवाच हावड्याच्या पुलावर भेटली होती अशा खात्रीनं सांगत. मी बँकेच्या बदलीनं कलकत्त्यात येऊन पडलेलो आणि मामा तिथल्या एका सरकारी कचेरीत समुद्रतळाच्या चिखलाचा अभ्यास करत तीस वर्षं मुरलेले. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. माझ्या मुलीच्या बारशाला मामा दुसऱ्या दिवशी आले. हातात झबलं, आणि दारातूनच विचारणा, "काय जावईबापू, अजून कुणीच कसं नाही?" हिनं कालच्या जिलब्या वाढल्या, त्या त्यांनी ताज्या समजून खाल्ल्या आणि उलट मलाच धीर दिला, "येतील हो माणसं. सियालदहच्या गाड्यांचा काही भरवसा नाही."

त्यांना सगळं जग थराथरांनी दिसे. आमच्याकडे आले की गप्पा मारता मारता खिशातल्या चाकूनं भिंतीचा कोपरा खरवडायला लागत. घरमालकांनी घर नवंकोरं म्हणून दिलं होतं. मामांनी चुन्याचे अकरा हात मोजले आणि चौथा काजळलेला बघून "इथं एकदा आग लागली होती" असं जाहीर केलं. घरमालक "ए की कोरछेन, मोशाय!" म्हणत धावत आले आणि पाच मिनिटांत, आजोबांच्या वेळी स्वयंपाकघर कसं पेटलं होतं ते रडत रडत सांगायला लागले. (ही म्हणते, ते रडत नव्हते. पण ही तेव्हा चहा टाकायला आत गेली होती.) मामांकडे जेवायला जाणं तर त्याहून धोक्याचं. दोन पाहुण्यांची ताटं ते शेजारी शेजारी ओढून घेत, दोन्ही भातांवर उंचावरून मेतकूट भुरभुरत आणि म्हणत, "हा ज्वालामुखी. समजा, सुमात्रात फुटला. राख वाऱ्यावर चढली आणि समुद्रभर एकदमच पडली. आता तुम्ही वरून वरण घ्या, हे ताक ओततील, काय वाटेल ते होऊ दे. हा पिवळा थर जिथं दिसेल तिथं तो एकच दिवस! खालचं सगळं आधीचं, वरचं नंतरचं. एका ताटातल्या थराचं वय कळलं की दुसऱ्याचं आपोआप कळलं. ध्रुवाकडच्या बर्फात हेच, समुद्राच्या गाळात हेच." पाहुण्यांना शास्त्र मिळे, भात मिळत नसे. शेवटी मामी म्हणत, "अहो, निवला तुमचा ज्वालामुखी. जेवू द्या आता त्यांना."

बंगालच्या उपसागराच्या तळात लांब नळी खुपसून काढलेल्या चिखलात मामांना पांढुरक्या राखेचा एक थर सापडला होता. तशीच राख दूर दक्षिणेच्या समुद्रातून एका परदेशी जहाजानं वर काढली होती आणि तिचं वय ठरलं होतं, पाऊण लाख वर्षं. दोन्ही राखा एकाच स्फोटाच्या, असं मामांचं म्हणणं. ते सिद्ध झालं की त्यांच्या चिखलाला तारीख मिळणार होती. शेजारच्या टेबलावरचे बंगाली साहेब मात्र रोज पान चघळत म्हणत, "दादा, ये आपका ज्वालामुखी नहीं, हमारा उनून का छाई है!" उनून म्हणजे कोळशाची शेगडी आणि छाई म्हणजे तिची राख. सारी कचेरी हसे. मामांच्या निवृत्तीला चारच महिने उरले होते आणि नमुना अजून परदेशच्या प्रयोगशाळेत जायचा होता.

त्या श्रावणात कचेरीच्या तळघरात पाणी शिरलं. मामांनी चिखलाच्या नळ्या बुडती माणसं काढावीत तशा वर काढल्या. तो थर विस्कटायला लागलेला बघून त्यातली होती नव्हती ती राख खरवडून घरी आणली, वाळवली आणि डब्यात भरून स्वयंपाकघरातल्या फळीवर ठेवली, कारण पावसाळ्यात त्या घरातली कोरडी जागा तेवढीच. मामींना सांगायचं अर्थातच राहिलं. मामींकडे नुकताच गॅस आला होता, त्यामुळे भांडी घासायला राख त्या खालच्या बिऱ्हाडातल्या बौदींकडून, म्हणजे वहिनींकडून, मागवीत. फळीवर डबा बघून त्यांना वाटलं, पाठवली वाटतं बौदींनी. दुसऱ्या दिवशी गणपती! चिंच, काथ्या आणि ती राख घेऊन त्यांनी समई, ताम्हन, तांब्या, घंगाळ, घरातलं सगळं पितळ घासून काढलं. ज्वालामुखीची राख म्हणजे बारीक काचच. समई अशी झळाळली की रस्त्यावरच्या ट्रामचा नंबर मी तिच्यात वाचला. आरतीनंतर मामांनीच कौतुकानं विचारलं, "कशानं घासलीस गं?" मामींनी रिकामा डबा दाखवला.

मामांनी डबा उपडा करून तळहातावर आपटला. काही पडलं नाही. मामींच्या तेव्हा लक्षात आलं. "अहो, मी तुमचं सगळं घालवलं का हो?" मला वाटलं, आता फुटला ज्वालामुखी. मामा समईवरून बोट फिरवत म्हणाले, "चांगली घासली आहेस."

रस्ता काढला तो मामींनीच. "भांड्यांवरच्या नावांत राख बसते हो. कितीही धुवा, ठिपक्यांतून निघत नाही." विसर्जन झाल्यावर मामांनी सुईनं एकेका नावातला एकेक ठिपका कोरून काढला, घरातल्या सूक्ष्मदर्शकाखाली धरला आणि मान हलवली. काथ्या, चिंच, पितळ आणि आधीच्या कित्येक वर्षांची शेगडीची राख! बंगाली साहेब खरे ठरायची वेळ. "नको. हे पाठवलं तर हसतील," मामा म्हणाले आणि उठले. तीस वर्षांत मामींनी त्या सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला नव्हता. त्या दिवशी लावला.

"अगंबाई! या तर वाढवलेल्या बांगड्या!"

खरंच, काचेचे ते कण तसेच होते, पातळ, बाकदार, आरपार दिसणारे.

"बांगड्या तेवढ्या वेगळ्या काढायच्या ना? मग सरका."

जन्मभर तांदूळ निवडलेली बोटं ती. पितृपक्ष गेला, दुर्गापूजेचे ढाक वाजून थांबले, मामी रोज दुपारी खिडकीशी बसून ओल्या कुंचल्याच्या टोकानं बांगड्या निवडत होत्या. सगळ्या मिळून मोहरीच्या दोन दाण्यांएवढ्या भरल्या. सोबतच्या पत्रात मामांनी सगळं खरं लिहिलं, चिंचेसकट.

उत्तर आलं तेव्हा मामा निवृत्त झाले होते आणि सांगलीला जायचं सामान बांधून झालं होतं. दोन्ही राखा एकच निघाल्या. कण इतके स्वच्छ निवडणारी व्यक्ती कोण, असंही विचारलं होतं. गॅलरीत उभं राहून मामांनी ते पत्र मामींना मराठीत करून दोनदा वाचून दाखवलं.

मामींनी विचारलं, "म्हणजे खरंच एकदमच पडली, सगळीकडे?"

"एकदमच."

"मग दिवसाढवळ्या काळोख झाला असेल हो. पोरं घाबरली असतील. कुठं नेली असतील त्या बायकांनी?"

पाऊण लाख वर्षांची खडान्‌खडा माहिती असलेल्या मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "ते चिखलात सापडत नाही गं," ते म्हणाले. "मी कधी शोधलंही नाही."

खाली गल्लीत संध्याकाळच्या शेगड्या पेटल्या. धुरात खेळणारी पोरं दिसेनाशी झाली आणि त्यांच्या आया त्यांना एकेक करून घरात बोलवायला लागल्या. शेवटचं पोर आत जाईपर्यंत मामा कठड्याशी उभे होते.