आत्याबाईंचे नखरे

“तुम्हाला फायब्रोमायल्जिया आहे,” जालन्याच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी पहिला प्रश्न काय विचारावा? “म्हंजे मी सोंग करून राह्यले न्हाई ना?”

फायब्रोमायल्जिया म्हणजे सगळ्या अंगाचं जुनाट दुखणं. हाड मोडलेलं नसतं, सूज नसते, रक्तात काही सापडत नाही. बाईंनी समजावलं, टीव्हीचा आवाज कुणी मोठा करून ठेवावा तसं मेंदू दुखणं मोठं करून ठेवतो. जिवाला धोका नाही, पण पूर्ण जाईल असा भरवसाही नाही.

मी अंबडला एसटीत कंडक्टर आहे. दीड वर्ष मान, खांदे, मांड्या ठणकत होत्या. सकाळी उठलं की रात्रभर कुणी बडवून काढल्यासारखं वाटायचं. एक्स-रे नॉर्मल, रक्त नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की घरचे खूश आणि मी रडकुंडीला. एक सोबती तर तोंडावर म्हणाला, “म्याडम, गाडीवर जायचं न्हाई म्हणून दुखतंय तुमचं.” दोन महिन्यांपासून रजेवर होते. परत गाडीवर चढता येईल का नाही, एवढा एकच घोर लागला होता.

त्या दिवसांत जे जे केलं ते आठवलं तरी शिसारी येते. आठवडी बाजारात स्वतःला डॉक्टर म्हणवणारा एक जण बसायचा. सुई टोचायचा, वर कागदाच्या पुड्या द्यायचा. दोन दिवस अंग हलकं, मंग परत तेच रडगाणं. तोंड पुरीसारखं फुगलं आणि बाया म्हणायच्या, “तब्येत सुधारली की गं!” पुडीत स्टेरॉइड असावं, म्हणजे दुखणं दाबून बाकी शरीर पोखरणारं औषध, हे जालन्याला गेल्यावर कळलं.

भेटायला येणारी प्रत्येक जण एकेक तेल घेऊन यायची. लसणाचं, मोहरीचं, एक तर कसल्याशा चरबीचं. माझ्या अंगाला असा उग्र वास सुटला की पोटची लेक जवळ झोपेना. एकीनं पोटऱ्यांना बिब्बा लावला, त्याचे काळे डाग अजून आहेत. थू! आणि हे सगळं मी मुकाट्यानं करून घेतलं, याची चीड वेगळीच.

डॉक्टरीणबाईंनी रात्रीची एकच गोळी दिली. बाकी कागदभर लिहिलेलं होतं ते असं: रोज ठरल्या वेळी झोपायचं. दिवस मावळता जेवायचं. भाकरी, वरण, पालेभाजी. स्टँडवरचे वडे बंद, चारनंतर चहा बंद. दुखेल तिथं शेक. रोज सावकाश चालायचं, सुरुवातीला दहाच मिनिटं. आणि बरं वाटलं म्हणून एका दिवसात सगळी कामं उरकायची नाहीत.

“एवढंच?” मी विचारलं.

“एवढंच सहा महिने करून दाखवा,” त्या म्हणाल्या.

परत येताना गाडीत कागद वाचला. दुसऱ्यांदा वाचला आणि ओळ न् ओळ ओळखीची निघाली. हे सगळं मी रोज बघत होते, माझ्याच घरात! आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दिवस मावळता जेवायच्या आणि लगेच अंथरुणावर पडायच्या. गरम वीट फडक्यात गुंडाळून कमरेला लावायच्या. चार भांडी घासली की टेकायच्या. अंगणात हळूहळू फेऱ्या मारायच्या. “अंग लई ठणकतं माय,” म्हणायच्या, आणि मी शेजारणीला डोळा मारून म्हणायचे, “झाले नखरे सुरू!” बारा वर्षं. एका लग्नात तर भर पाहुण्यांत बोलले, “काम दिसलं की आत्याबाईंची कंबर धरते.” सगळे हसले, त्यांचा लेकही. त्यासुद्धा हसल्या.

आत्याबाईंना वाचता येत नाही. घरी आल्यावर मी कागद वाचून दाखवला. त्या चिडल्या नाहीत, टोमणाही मारला नाही. म्हणाल्या, “बरं झालं माय. तुझ्या दुखण्याला नाव तरी भेटलं.”

मला माझीच किळस आली. तेलाचा वास साबणानं गेला होता, ही काही जाईना.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही दोघी अंगणात फिरायला लागलो. पहिले पंधरा दिवस दुखणं वाढलंच. एकदा जरा बरं वाटलं तर मी घरातल्या सगळ्या गोधड्या धुवून काढल्या आणि चार दिवस आडवी झाले. “कागदावर काय लिव्हलंय?” आत्याबाई वीट गरम करता करता म्हणाल्या. पुढं झोप लागायला लागली, सकाळचा ताठरपणा उतरला. सात महिन्यांनी मी परत गाडीवर चढले. दुखणं अजून सोबत आहे, पण आता ते माझ्या डोक्यावर बसत नाही.

तुमचेही रिपोर्ट नॉर्मल येत असतील तर बायांनो, ते सोंग नाही. सुया आणि पुड्यांच्या नादी लागू नका. आणि घरात दुसरं कुणी कण्हत असेल तर आधी तिला विचारा.

मी आत्याबाईंनाही जालन्याला नेलं. बाईंनी तपासलं, रक्त बघितलं आणि म्हणाल्या, “आजी, तुम्हालाही तेच आहे.”

“मंग माझ्या नावाचा येगळा कागद करा,” आत्याबाई म्हणाल्या.

संध्याकाळी त्यांचा लेक, म्हणजे माझा नवरा, घरी आला. आत्याबाईंनी पिशवीतून कागद काढून माझ्या हातात दिला. “वाच. ह्याला ऐकू दे.”

मी मोठ्यानं वाचलं. त्यांचं नाव, मंग दुखण्याचं नाव. नवरा खाली मान घालून बसला.

आत्याबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला. म्हणाल्या, “आता आणखी एकदा वाच.”