ताईसाठी वाजलेल्या टाळ्या

माझी थोरली बहीण एका मोठ्या कार्यालयाच्या कॅन्टीनमध्ये मुख्य स्वयंपाकीण होती. तिथे सगळे तिला ताईच म्हणत, साहेबसुद्धा. अंगाने ती लहानपणापासून भरलेली. लोकांनी काही बोलायच्या आत ती स्वतःच बोलून मोकळी व्हायची. ओट्यामागच्या अरुंद जागेतून जाताना म्हणायची, "सरका रे, मालगाडी येतेय." सगळे हसायचे, तीही हसायची. घरी मात्र लग्नाचा अल्बम तिने कपाटात चादरींखाली ठेवला होता आणि तो कुणी बाहेर काढलेला तिला खपत नसे.

गुडघे दुखायला लागले तेव्हा डॉक्टरांनी तिला आहारतज्ज्ञ बाईंकडे पाठवलं. मी काही वेळा तिच्यासोबत गेलो होतो, म्हणून तिथली पद्धत मला माहीत आहे. शनिवारी सगळे पेशंट एकाच खोलीत बसत. एकेकाने वजनकाट्यावर उभं राहायचं, बाई आकडा मोठ्याने वाचणार. वजन उतरलं असेल तर टाळ्या. चढलं असेल तर सगळे आपापल्या चपलांकडे बघत. दुखणं, तक्रार, शंका, सगळं नंतर. "आधी काटा," हे बाईंचं ठरलेलं वाक्य. ज्याचं वजन सर्वांत जास्त उतरेल त्याचा फोटो भिंतीवर लागे.

पहिल्याच दिवशी बाईंनी विचारलं, "काम काय करता?"

"स्वयंपाक."

"मग बरोबर. चाखता चाखता किती पोटात जातं ते कळतसुद्धा नाही."

"चाखायचं काम मदतनिसाचं असतं हो," ताई म्हणाली.

बाई हसल्या. बाकीचेही हसले. आपल्यावरच्या हसण्यात ताई सामील झाली नाही, असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

दिलेला आहार ती मन लावून पाळत होती. भावजी, म्हणजे तिचे यजमान, स्वतः तिचं ताट वाढायचे. तरी काटा हलेना. बाईंचा विश्वास बसत नव्हता. "खरं सांगा, मी रागावणार नाही," असं त्या पन्नाशी उलटलेल्या ताईला विचारायच्या, चोरून गोळ्या खाल्लेल्या मुलीला विचारावं तसं.

मग ताईचा घास अडकायला लागला. आधी पाव, नंतर भातसुद्धा. गिळलेलं छातीच्या मध्यावर येऊन थांबायचं. शनिवारी काट्यावरून उतरल्यावर तिने बाईंना ते सांगितलं.

"घाईघाईने खाता, दुसरं काय."

"नाही हो, अगदी सावकाश खाते. पाण्याचा घोट घेतल्याशिवाय खालीच जात नाही."

"मग चांगलंच आहे की. शरीर सांगतंय, आता पुरे. ऐका जरा त्याचं."

त्या दिवशी वजन उतरलं होतं. बाईंनी खूण केली आणि खोलीभर टाळ्या वाजल्या.

घरी आल्यावर ताईने भावजींना फक्त टाळ्यांचं सांगितलं. पुढच्या शनिवारीही टाळ्या, त्याच्या पुढच्याही. मी म्हणालो, "एकदा मोठ्या डॉक्टरांना दाखवू या."

"आता कुठे जमायला लागलंय," ती म्हणाली. "तू दृष्ट लावू नकोस. गरज असती तर बाईंनीच पाठवलं नसतं का?"

तोवर ती नुसत्या सूपवर आली होती. भिंतीवर तिचा फोटो लागला. फोटोसाठी तिने नवा ड्रेस शिवला होता. कॅन्टीनमधल्या मुली विचारायच्या, "ताई, काय खाता ते आम्हालाही सांगा ना."

"काहीच नाही," ताई सांगायची. मुलींना तो नेहमीचा विनोद वाटायचा.

एके दिवशी कॅन्टीनमध्येच तिच्या घशाखाली पाणीसुद्धा उतरेना. मोठ्या हॉस्पिटलात नेलं. अन्ननलिकेत गाठ निघाली. सर्जननी विचारलं, "इतके महिने कुणाला सांगितलं नाही?"

"सांगितलं होतं," ताई म्हणाली. "त्यांनी टाळ्या वाजवल्या."

तरीही आशा होती. ऑपरेशन करता येईल, पण आधी नळीने अन्न देऊन अंगात ताकद आणायला हवी, असं सर्जन म्हणाले. ते अन्न किती द्यायचं, हे तिथल्या आहारतज्ज्ञ मुलीने ठरवायचं होतं. मुलगी तरुण, गोड बोलणारी. पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून तिने ताईकडे पाहिलं.

"काळजी करू नका काका, यांच्याकडे साठा भरपूर आहे. कमी गेलं तरी चालेल. थोडं उतरलं तर ऑपरेशनलाही सोपंच."

"अगं, तिने कित्येक दिवसांत धड खाल्लेलं नाही," भावजी म्हणाले.

"तसं वाटत नाही बघून," मुलगी म्हणाली. हेटाळणीने नाही, अगदी सहज.

शेजारच्या खाटेवर एक हडकुळे गृहस्थ होते. नळीने द्यायच्या अन्नाची त्यांची पिशवी भरून यायची, ताईची अर्धी. ताई ते बघायची आणि काही मागायची नाही. मागितलं तर खादाड म्हणतील, ही भीती तिला तिथेही होती. भावजींनी दोनदा तक्रार केली, दोन्ही वेळा त्यांना समजावून परत पाठवलं.

सर्जननी पुन्हा तपासलं तेव्हा तिला स्वतःहून उठून बसता येत नव्हतं. चरबी शिल्लक होती, पण ताकद उरली नव्हती. ऑपरेशन आधी पुढे गेलं, मग रद्द झालं. महिना भरायच्या आत ताई गेली.

दिवस झाल्यावर भावजी म्हणाले, "तो फोटो तिथे नको." आम्ही गेलो तो नेमका शनिवार होता. खोली भरलेली होती. भावजींनी कुणाला न विचारता भिंतीवरचा फोटो काढला.

"फार वाईट झालं हो," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "पण राहू दिला असता तर बरं झालं असतं. बाकीच्यांना हुरूप येतो."

भावजींनी रुमाल काढून फोटोची काच पुसली.

काट्याजवळ एक लठ्ठ बाई उभी होती. ती म्हणाली, "मॅडम, मला हल्ली जिना चढताना छातीत..."

"आधी काटा," बाई म्हणाल्या.

तिने आमच्या हातातल्या फोटोकडे पाहिलं, चपला काढल्या आणि काट्यावर चढली. आम्ही जिन्यात होतो तेव्हा वर टाळ्या वाजल्या.