ठिपका आमच्या गावात नको

भूगोलात एम.ए. केल्यावर मला एका आरोग्यसंस्थेत नोकरी लागली ती नकाशे करायची. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली तरुण मुलंमुली कुठं राहतात, कुठं कामाला जातात, कुठं जमतात, ते मी मोबाईलवर नोंदवायचं. त्यावरून एचआयव्हीची तपासणी करणारी गाडी कुठं उभी करायची, निरोध कुठं ठेवायचे, माहिती कुणाला द्यायची, हे संस्थेनं ठरवायचं. जिथं गरज जास्त, तिथं लाल ठिपका. कल्पना चांगली होती आणि माझा अजूनही तिच्यावर विश्वास आहे.

अडचण एवढीच की माहिती गावातल्या प्रतिष्ठित मंडळींनाच विचारायची, असं आमच्या साहेबांनी ठरवलं होतं. मी ग्रामपंचायतीत गेले, दूध डेअरीवर गेले, पतसंस्थेत गेले. सगळीकडं खुर्ची मिळाली, चहा मिळाला आणि एकच उत्तर मिळालं.

"आमच्याकडं तसलं काय नाय, मॅडम. आमची पोरं लई साधी. तुमी वढ्यापल्याडच्या गावात जा."

ओढ्यापलीकडच्या गावानं मला अलीकडं पाठवलं. आंबेगावकडच्यांनी जुन्नरकडं बोट दाखवलं, जुन्नरकडच्यांनी आळेफाट्याकडं, आणि आळेफाट्यावरच्या एका हॉटेलमालकानं "हितं समदी भायेरचीच येत्यात" म्हणून विषय संपवला. नकाशा पुरा झाला तेव्हा जवळजवळ प्रत्येक गावावर लाल ठिपका होता आणि तो शेजारच्या गावानं दिलेला होता. तळेघरच्या डोंगराळ बाजूला मात्र एकही नव्हता, कारण तिकडं मोबाईलला रेंज नव्हती आणि नोंदी गेल्याच नव्हत्या.

साहेब खूश झाले. "बघा, डोंगरात प्रश्नच नाही."

"सर, भातलावणी उरकली की तिथली पोरं इकडंच हॉटेलांत कामाला येतात."

"मग ती इकडच्या ठिपक्यात आली की!"

पहिलं शिबिर ज्या गावावर सगळ्यात जास्त जणांनी बोट दाखवलं होतं तिथं झालं, थेट ग्रामपंचायतीसमोर. मांडव घातला. फ्लेक्सवर मोठ्या लाल अक्षरांत 'एचआयव्ही' आणि त्याच्या बरोबर खाली गावातल्या पुढाऱ्यांचे हसरे फोटो. स्पीकरवरून एक गृहस्थ ओरडत होते, "ज्या तरुणांना शंका असेल त्यांनी न लाजता सगळ्यांसमोर पुढं यावं!" तरुण कुणीच आलं नाही. दोन आजोबा साखर तपासायला आले आणि एका आजीनं गुडघ्याला मलम मागितलं. साहेबांनी वरती कळवलं, 'ज्येष्ठांचा उत्स्फूर्त प्रतिसाद.'

त्याच आठवड्यात मला बघायला पाहुणे आले. आम्ही वारूळवाडीला राहतो, वडील शिवणकाम करतात. स्थळ विहारात ओळख झालेल्या एका मावशींनी आणलं होतं. मुलगा आळेफाट्याला गॅरेजात मेकॅनिक. मावशींनी तिकडं माझं काम 'मोजणीचं' असं सांगून ठेवलं होतं, हे मला नंतर कळलं.

पोहे झाले, चहा आला. मुलाचे मामा माझ्याकडं झुकले. "ताई, खरं सांगा. नवा रस्ता आमच्या रानातनं जातोय का?"

"रस्त्याचं मला माहीत नाही, मामा."

"आवो, सांगा की. आता घरचीच मान्सं आपण. मोजणी तर तुमीच करता म्हणं."

"मी जमीन नाही मोजत. तरुणांना एचआयव्ही होऊ नये म्हणून काम चालतं ना, तपासणी कुठं ठेवायची वगैरे, त्याचा नकाशा करते."

मामांनी बशीत ओतलेला चहा परत कपात ओतला. "आमच्याकडं तसलं काय नाय," ते म्हणाले. मग कुठल्या गावात आहे, असं मी सवयीनं विचारणारच होते. तेवढ्यात वडील घाईनं म्हणाले, "पोरांना जरा बोलू द्या एकमेकांशी."

आम्ही गच्चीवर गेलो. तो पाण्याच्या टाकीकडं बघत उभा राहिला.

"एक इचारू का? त्या गाडीत तपासलं की नाव भायेर जातं का?"

"नाही. कुणालाच सांगत नाहीत."

"आन् भायेर उभं ऱ्हायलेलं दिसतं, त्याचं काय?"

मीही टाकीकडं बघू लागले. तोच पुढं म्हणाला,

"आमच्याच गावात आलती तुमची गाडी. मी लांबनं बघितली. माईकवर माझा चुलताच बोलत व्हता. कोण जाईल तिथं?"

"मग कुठं असती तर गेला असता?" हा प्रश्न आमच्या नकाशासाठीच्या प्रश्नांत कुठंच नव्हता.

त्यानं खरंच विचार केला. "गॅरेजच्या लायनीत. संध्याकाळच्याला. गाडी सर्विसिंगला टाकलीय म्हटलं की तासभर कुठं बी उभं ऱ्हा, कोण इचारत नाय. हॉटेलातली डोंगरातली पोरं बी तिथंच चहाला येत्यात."

"आणि मुली?"

"ते मला नाय सांगता येणार. तुमच्या मैत्रिणींना इचारा." मग माझ्याकडं वळून म्हणाला, "तुमाला भ्या नाय वाटत, असलं बोलायचं?"

"वाटतं. आज जरा जास्तच वाटलं."

तो पहिल्यांदाच हसला. मला तो आवडला.

सोमवारी साहेबांना जागा सांगितली तर त्यांच्या कपाळाला आठ्या. "गॅरेज? अहो, तिथं उद्घाटन कुठं करणार?"

"करायचंच नाही, सर. फ्लेक्स नको, माईकही नको."

उद्घाटनाशिवाय शिबिर ही गोष्ट त्यांना पचायला वेळ लागला, पण आजोबांच्या साखरेनंतर त्यांच्याकडंही दुसरा उपाय नव्हता. गाडी गेली. मी मुद्दामच गेले नाही. तो येणार होता की नव्हता, मला ठाऊक नव्हतं. पण यायचं असेल तर मला बघून मागं फिरू नये, एवढंच वाटत होतं. त्या संध्याकाळी घरी वडिलांनी शिवलेल्या शर्टांना बटणं लावत बसले आणि दोनदा सुई बोटात घुसवून घेतली.

दुसऱ्या दिवशी गाडीवरच्या समुपदेशक बाई म्हणाल्या, "अगं, बसायला स्टुलं पुरेनात. शेवटी टायरवर बसवलं पोरांना." कोण कोण आलं ते मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलंही नसतं. साहेबांनी बैठकीत हे यश 'स्थानिक युवकांशी सखोल चर्चे'चं असल्याचं सांगितलं. चर्चा कुठं आणि कशी झाली, ते मी माझ्यापाशीच ठेवलं.

नंतर मावशींचा फोन आला. मुलगी छान आहे, पण काम शोभत नाही म्हणतात. हे मामा म्हणाले की तो म्हणाला, ते त्यांनी सांगितलं नाही. मला बरेच दिवस वाईट वाटत राहिलं.

मैत्रिणींना विचारलं तेव्हा त्या एका आवाजात म्हणाल्या, नारायणगावचा कॉम्प्युटर क्लास. तिथला जिना चढून वर जाणाऱ्या मुलीला कुणी काही विचारत नाही. आता मुलींच्या तपासणीसाठी तिथली वरची खोली मिळते का, ते बघायचं चाललंय.

परवा दुसऱ्या एका स्थळाचा फोन आला. आई स्वयंपाकघरात होती. तिकडून मुलगी काय करते असं विचारलं असावं. आईनं पदरानं हात पुसला आणि मोठ्यानं म्हणाली, "एचआयव्हीचं. हो हो, तेच. पोरांनी वेळेत तपासून घ्यावं म्हणून. तुमच्या मुलानं घेतलंय का?"

फोन लगेच बंद झाला. आईनं कुकर लावला.