नाकाच्या दोन्ही बाजूंच्या रेघा

आमचे हे वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनेचे तक्ते रंगवत. एकतीस वर्षं. हाडं, नसा, आतडी सगळं निमूट रंगवलं. अडले ते नाकावरच्या एका स्नायूपाशी. नेझॅलिस त्याचं नाव. कागदासारखा पातळ, कातडीला आतून चिकटलेला. विच्छेदनात कातडी सोलली की बरेचदा तिच्याबरोबरच निघून येई. शिवाय मेलेला माणूस नाक आक्रसून दाखवत नाही. मग यांनी बेसिनवरच्या आरशात स्वतःचंच नाक बघून तो रंगवला. आडवा भाग आवळला की नाकाच्या दोन्ही बाजूंना तिरक्या रेघा उमटत. खालचा भाग नाकपुडी फुलवी. प्राध्यापक शिकवत, चेहऱ्याची नस लुळी पडली की त्या बाजूची नाकपुडी फुलत नाही, तेवढं आठवणीनं बघा. मुलं तक्त्याकडे बघत, मग यांच्याकडे, आणि हसत.

घरी तो स्नायू माझ्या भाजीवर चाले. मीठ जास्त झालं का, मी विचारी. हे "छे, छे" म्हणत. रेघा खरं काय ते सांगत.

यांना जाऊन सहा वर्षं झाली. त्या रेघा आता फक्त लेकीच्या नाकावर होत्या. ती हसली की मी हातातलं काम टाकून बघत बसे. तिला कधी सांगितलं नाही. एका रविवारी ती म्हणाली, या रेघांवर इंजेक्शन घेणार आहे, स्नायू सैल पडतो आणि रेघा जातात. ऑफिसच्या फोटोत म्हातारी दिसते म्हणे.

"चव्वेचाळिसाव्या वर्षी तू म्हातारी, मग मी कोण गं? उत्खननात सापडलेली?"

नको घेऊस, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण नाक तिचं. मी एवढंच विचारलं, किती दिवस टिकतं?

"तीन-चार महिने. का?"

"सहज."

दोन आठवड्यांनी ती आली, हसली. नाक गुळगुळीत. मी ताटं आवरायला उठले. त्या दिवसापासून डायरीत तारखेखाली दिवसांचा आकडा लिहू लागले.

एकशे तिसऱ्या दिवशी ती जेवायला येणार होती. भाजीत मीठ घालताना हात मुद्दामच सैल सोडला. पहिल्या घासाला तिच्या नाकाच्या डाव्या बाजूला एक बारीक रेघ उमटली.

"मीठ जास्त झालं का?"

"छे, छे," ती म्हणाली. मग नाकाला बोट लावून, "परत आली वाटतं. डॉक्टरांची वेळ घ्यायला हवी." तिनं फोन उचलला.

"पुढच्या रविवारनंतर घे," मी म्हणाले. "उजवी बाजू यायची आहे अजून. तुझे बाबा दोन्ही बाजूंनी खोटं बोलायचे."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग फोन पालथा ठेवला आणि तीच भाजी आणखी वाढून घेतली.