बोटीवरून आलेलं ‘होय’

क्रूझच्या जाहिरातीत हल्ली छापतात, भर समुद्रात बसून वायफायवर घरच्यांशी मनसोक्त बोला. ती जाहिरात दिसली की मला ते पान फाडावंसं वाटतं. एकदा दवाखान्यात नंबर लावून बसले असताना मी ते फाडलंही. शेजारची बाई माझ्याकडे बघतच राहिली.

दोन हजार सात-आठच्या सुमारास माझा नवरा अशाच एका बोटीवर लॉन्ड्रीत होता. लोक तिथे सुट्टी घालवायला जायचे आणि हा खाली, बोटीच्या पोटात, त्यांच्या चादरी धुवायचा. नोकरी त्याला थोरल्या भावाने ओळखीपाळखीतून लावून दिली होती. लग्नाला दोन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. मालवणपासून एसटीने अर्ध्या तासावर आमचं घर. मधल्या भिंतीच्या एका बाजूला थोरले भावोजी आणि जाऊबाई, दुसऱ्या बाजूला दोन खोल्या, मागचं परस आणि मी.

बोटीवरचं इंटरनेट कसं असतं ते मी तेव्हा पाठ केलं होतं. वर ताटलीसारखी मोठी अँटेना, ती आकाशातल्या उपग्रहाकडे तोंड करून बसलेली. बोट हलली, ढग आले, बाजूला डोंगर आला की गेलं. त्यातून जे येईल ते आधी वरच्या प्रवाशांना, मग अधिकाऱ्यांना, आणि उरलं तर खालच्या माणसांना. ही माणसं मिनिटांची कार्डं घेऊन जेवणघराच्या दारात लॅपटॉप मांडीवर ठेवून बसायची, कारण वायफाय तेवढ्याच कोपऱ्यात पोचायचं. मी मालवणात एसटी स्टँडजवळच्या सायबर कॅफेत बसायचे. मी काही विचारलं की त्याचं उत्तर खूप वेळाने यायचं, तोवर माझा पुढचा प्रश्न निघून गेलेला असायचा. हळूहळू मला सवय झाली. एक वाक्य बोलायचं, गप्प राहायचं, उत्तर आल्यावरच पुढचं.

तेव्हा मालवणात पर्यटक वाढायला लागले होते. किनाऱ्यावर जो तो खोल्या बांधून ‘न्याहारी व निवास’ची पाटी लावत होता. भावोजींच्या डोक्यात तेच शिरलं. माझ्या दोन खोल्या त्यांना हव्या होत्या. मी परसातल्या मांगरात राहायला जावं, असं त्यांनी जाऊबाईंकडून आधी गोडीने सांगून पाहिलं. मांगर म्हणजे आमच्याकडे लाकूडफाटा, गवत, शेणी ठेवायची जागा. मी म्हटलं, नवरा आल्याशिवाय मी हलणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या कोंबड्यांपैकी दोन जोत्यावर आपटून मारल्या. मी शिव्या दिल्या, आणि माझ्या शिव्या साध्या नसतात. माझं माहेर विजयदुर्गचं, आई मासे विकणारी. तेव्हा भावोजींनी झावळीचा दांडा उचलला आणि माझ्या तोंडावर मारला. गालाची कातडी फुटली, डोळा मिटला. जाऊबाई दारात उभ्या राहून तांदूळ निवडत होत्या, त्यांचा हात थांबला नाही.

गाल मी धुतला नाही. तसाच पदराखाली झाकला आणि मालवणची गाडी पकडली. नवऱ्याला दाखवायचा होता. कॅमेऱ्यासमोर पदर काढून बसले. त्याचं चित्र चौकोनाचौकोनांनी यायचं, आधी कपाळ, मग कधीतरी हनुवटी. माझंही तिकडे तसंच जात असणार. बऱ्याच वेळाने त्याचा आवाज आला, “तुझ्या गालार काळा काय दिसता गो? थंय उजेड नाय काय?”

मी ओरडून सांगितलं की तुमच्या भावाने मारलं. त्याचा चेहरा तोंड अर्धवट उघडं ठेवून थिजला आणि पडद्यावर बाजूला लाईन तुटल्याचं लिहून आलं. परतीच्या गाडीत मी त्या उपग्रहाला आणि बोटीवर मजा करणाऱ्या सगळ्या प्रवाशांना मनातल्या मनात जाळून टाकलं. नवऱ्याचा राग मला आला नाही. तो बिचारा काय करणार, असंच वाटत होतं.

मग मी गावच्या मानकऱ्यांकडे गेले. देवळातली मानाची माणसं ती, कोर्टाआधी लोक त्यांच्याकडे जातात. भावोजींनी त्यांना सांगितलं की धाकट्याची काही हरकत नाही, हीच आडवी येते. मी म्हटलं, त्याच्याच तोंडून ऐका. अशा रीतीने तीन मानकरी, भावोजी आणि मी सायबर कॅफेत शिरलो. मानकऱ्यांनी चपला बाहेर काढल्या. सगळ्यात वयस्कर होते त्यांनी आणलेला नारळ कीबोर्डशेजारी ठेवला. कॅफेवाल्याने तो उचलून टेबलाच्या कडेला सरकवला, तर त्यांनी परत जागेवर ठेवला.

आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात तेव्हा प्रत्येक मागण्यामागे सगळे ‘होय म्हाराजा’ म्हणतात. ते ‘होय’ देवाच्या कानावर गेलं की झालं, ते परत घेता येत नाही. मानकऱ्यांसमोर दिलेल्या होकाराचंही तसंच. हे माझ्या नवऱ्याला लहानपणापासून माहीत होतं.

तो दिसायला लागला. वयस्कर मानकरी पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाले, “आवाज येता काय रे?” उत्तर नाही. मी त्यांना सांगतच होते की जरा थांबा, वेळ लागतो, तर भावोजींना कुठला धीर. ते मागून मोठ्याने म्हणाले, “घर माझ्या ताब्यात देवचा, तुका मान्य आसा काय?”

आणि स्पीकरमधून आलं, “होय, होय.”

चित्र तिथेच गोठलं, मान किंचित खाली केलेली. मानकऱ्यांनी हात जोडले. मी किंचाळले की हे पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे, आवाज येतो का त्याचं, उशिरा पोचलंय. मी उपग्रह समजावला, ताटली समजावली. ते माझ्याकडे वेड्या बाईकडे बघावं तसे बघत राहिले. परत जोडायचा प्रयत्न केला तर लागेना. वयस्कर मानकऱ्यांनी शांतपणे सांगितलं की माणूस बोलला, आम्ही कानांनी ऐकलं, आता त्यात बदल नाही. त्यांनी नारळ उचलला आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी भावोजी पहार घेऊन आले. पहिला घाव चुलीवर घातला. चुलीवर पेज शिजत होती, ती माझ्या पायावर उडाली. मी पहारीला लोंबकळले तर त्यांनी कोपर मागे मारलं आणि माझा वरचा दात पडला. तोंडातलं रक्त मी त्यांच्या शर्टावर थुंकले. मग त्यांनी माझे केस धरून मला उंबऱ्यावरून, जोत्यावरून, अंगणातून ओढत नेलं आणि मांगरात ढकललं. मागोमाग भांडी आली, ट्रंक आली, देवाच्या तसबिरी आल्या. काचा माझ्या अंगावर फुटल्या. वाडीतली माणसं दगडी गडग्यापलीकडे उभी राहून बघत होती. होकार झाला होता, त्यामुळे कोणी मधे पडलं नाही.

मी मांगरात राहायला लागले. आता मला नवऱ्याकडून एकच वाक्य हवं होतं, की ते ‘होय’ घरासाठी नव्हतं. ते मानकऱ्यांच्या कानावर पडलं असतं तर खोल्या परत मिळाल्या असत्या. मी जमेल तेव्हा मालवणला जायचे. लागलं तर चित्र नाही, चित्र आलं तर आवाज नाही. मी कॅफेवाल्याच्या मदतीने ई-मेल पाठवले. एकाला उत्तर आलं, इकडे नेट फार खराब आहे, काळजी घे. मी ते वाचून रडले, कारण मला त्याची दया आली. एकदा लाईन तुटल्यावर मी हेडफोन टेबलावर आपटून त्याचे दोन तुकडे केले. कॅफेवाल्याने मला हाताला धरून बाहेर काढलं.

पावसाळा संपल्यावर भावोजी माझ्या स्वयंपाकघराची भिंत फोडायला लागले. पर्यटकांसाठी तिथे फरशीचा संडास होणार होता. मी मांगराच्या दारात बांगडे साफ करत बसले होते. भिंतीतून माझी फळी निखळून खाली पडली, त्यावरच्या बरण्या फुटल्या आणि लोणच्याचा वास अंगणभर झाला. ते लोणचं मी घातलेलं. मी उठले. हातात कोयता होताच. भावोजींनी मला येताना पाहिलं आणि पहार उगारली. मी त्याआधी वार केला. मनगटाच्या वर बसला. पहार खाली पडली, आपल्या हाताकडे बघत ते मटकन चुन्याच्या ढिगाऱ्यात बसले. दगडमाती उचलणाऱ्या जाऊबाईंची पाटी पहिल्यांदा हातातून सुटली. मला वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही.

त्यांना रिक्षाने ओरोसच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मी विहिरीवर कोयता धुतला, माझ्या खोलीत शिरले आणि फुटलेल्या भिंतीला पाठ लावून बसले. पोलीस येतील म्हणून वाट बघत होते. दिवेलागणीला शेजारीण धावत आली. तिच्या घरच्या फोनवर माझ्या नवऱ्याचा फोन होता.

मी अनवाणी पळाले. पळताना मला आनंद झाला होता, हे सांगायला लाज वाटते पण झाला होता. वाटलं, कळलं त्याला, आता बोलेल.

आवाज इतका स्वच्छ होता की त्याचा श्वास ऐकू येत होता. तो म्हणाला, “दादाचो हात कसो आसा?”

मी विचारलं, इतक्या लवकर कळलं कसं. तर अडचणीच्या वेळी फिरवायला मुंबईच्या एजंटचा एक नंबर असतो. तिथे सांगितलं की निरोप बोटीवर जातो आणि माणसाला वर बोलावून फोन जोडून देतात. जाऊबाईंकडे तो नंबर पहिल्या दिवसापासून होता. मला तो असा काही असतो हेही माहीत नव्हतं.

मी म्हटलं, “त्या दिवशी माझा तोंड बघलात तुमी?”

“बघलंय.”

“आणि मानकऱ्यांपुढे होय म्हटलात, ता ‘आवाज येता काय’ त्याचा मा?”

तिकडे कोणीतरी दार लावल्याचं ऐकू आलं.

“नाय गो,” तो म्हणाला. “दादान इचारल्यान त्याचाच. बोटीर येवच्या आधीच मी त्येका शबूद दिलंलंय.”

वर्षभर मी त्या एका शब्दासाठी उपग्रहाशी भांडले होते. तो शब्द वेळेवर निघाला होता आणि वेळेवर पोचला होता. तेवढ्यापुरतं बोटीवरचं नेट अगदी उत्तम चाललं होतं.

लग्नानंतर मी नवऱ्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. शेजारीण, तिचा नवरा, तिची सासू, सगळी उभी होती. मी म्हटलं, “तुझ्या दादाचो दुसरो हात अजून धड आसा. तू घराकडे ये, मगे दोघांका एकदमच बघतंय.”

फोन मीच ठेवला. घरी येऊन निखळलेली फळी भिंतीच्या भगदाडाला आडवी लावली, तिच्यामागे ट्रंक सरकवली आणि आतून कडी घातली. पोलीस आले तेव्हाही मी ती उघडली नाही. त्यांना खांद्याने दार तोडून मला बाहेर काढावं लागलं.