यमुनाअक्कांचा झोपलेला स्नायू

यमुनाअक्का देवपूरच्या आमच्या फिजिओथेरपी विभागात पहिल्यांदा आल्या, तेव्हा सोनोग्राफी यंत्राशेजारची पाटी त्यांनी माझ्याकडून वाचून घेतली. इथे गर्भलिंग निदान होत नाही, असं मी वाचलं. अक्का पासष्टीच्या. त्या मोठ्या मनाने म्हणाल्या, "नका करू. माले फक्त कंबर दखाडनी शे."

श्रावणात कानबाई देवीचा चौरंग डोक्यावर घेऊन विसर्जनाला पांझरा नदीपर्यंत जायचा मान त्यांच्या घरात थोरल्या सुनेचा, म्हणजे अक्कांचा. मागच्या वर्षी वाटेतच कंबर धरली आणि चौरंग धाकट्या जावेला, वत्सलाताईंना, घ्यावा लागला. "औंदा बी तीच लई गयी तं भाऊबंदकीमा तोंड कसं दखाडू?" अक्का विचारत. त्यांना रिक्षाने घेऊन यायच्या त्याही वत्सलाताईच. एकाच बाकावर दोघी पाठी फिरवून बसायच्या.

आमच्या विभागाच्या मॅडम अक्कांच्या पोटावर जेल लावून यंत्र धरायच्या. यंत्राच्या पडद्यावर काय दिसतंय ते समजावणं माझं, शिकाऊ मुलीचं, काम. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. मोठ्या माणसांना काही सांगायचं म्हटलं की जीभ अडखळायची. "अक्का, हा स्नायूचा सगळ्यात आतला पट्टा. पोट हळूच आत ओढलं की तो जाड होतो. तोच कंबर सांभाळतो."

अक्कांनी जोर लावला. भुवया हलल्या, हनुवटी हलली, पायाची बोटंसुद्धा हलली. पट्टा तसाच.

"झोपेल शे," अक्का म्हणाल्या.

बाहेरून, कापडी पडद्याआडून, वत्सलाताईंनी कानबाईच्या नैवेद्याचा विषय काढला, "औंदाना रोट मी करसू. मागला साले यास्ना कच्चा व्हतात."

"कच्चा?" अक्का पडल्या पडल्या गरजल्या. "तुन्हं भरीत तं कुत्रं बी सुंगत नही!"

आणि पट्टा फुगला.

"धरून ठेवा!" मॅडम ओरडल्या. जोरात श्वास सोडत बोललं की हा स्नायू जागा होतो, हे त्यांनी मला नंतर सांगितलं. त्या क्षणी मी घाबरून पडद्याबाहेर डोकं काढलं, "ताई, अजून काहीतरी बोला ना!"

तेव्हापासून वत्सलाताई उपचारात सामील झाल्या. येताना तयारी करून यायच्या. कधी शेवभाजीत मीठ जास्त, कधी पापड वाकडे. अक्कांचा मुलगा सुरतेला गेला तो फिरकत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. पण त्यांचं बोलणं कधी स्वयंपाकघराबाहेर गेलं नाही. अक्का यंत्राच्या पडद्याकडे बघत भांडायला शिकल्या, आणि हळूहळू न भांडताही त्यांना पट्टा आवळता येऊ लागला.

विसर्जनाला मी मुद्दाम पांझरेवर गेले. डोक्यावर चौरंग, पुढे वाजंत्री. घाटाच्या उतारावर अक्का थांबल्या. कंबर वाकू लागली. बायका पुढे सरसावल्या. मागे वत्सलाताई होत्या. चौरंगासाठी हात पुढे करायचे ते त्यांनी पाठीमागे बांधले आणि साऱ्या भाऊबंदांना ऐकू जाईल असं म्हणाल्या,

"रोट कच्चा व्हतात!"

अक्कांची पाठ ताठ झाली. "सरक मांगे!" म्हणत त्या थेट पाण्यापर्यंत उतरल्या. माझा हात माझ्याच पोटावर गेला होता; मीही नकळत पट्टा आवळून धरला होता.

परतताना मी वत्सलाताईंना हळूच विचारलं, "खरंच कच्चे होते का हो?"

त्यांनी अक्का पुढे गेल्याची खात्री करून घेतली. "नही वं पोरी. मी तं मांगी मांगी खाधात."