वरची कमाई

बाबांचं शिवणाचं दुकान दहा बाय आठचं होतं आणि आम्ही चौघं त्याच्याच मागच्या खोलीत राहायचो. बाजारात रेडिमेड कपडे आले तशी गिऱ्हाइकं गळाली. माझ्या शाळेच्या फ्रॉकला दोन खिसे होते, एक निळा, एक राखाडी. कापड उरेल तसा खिसा.

मग बाबांनी दुकानाचा ओटा मोबाइल रिचार्जवाल्याला भाड्याने दिला आणि दुसरं मशीन शेजारणीला. त्या दिवाळीत स्वारी खुशीत होती. "यंदा बरं सुटलं बघ," आईला म्हणाले.

आई चौथी शिकलेली. तिने चटईवर नोटांचे दोन ढीग केले. डावीकडे शिवणाचे पैसे, उजवीकडे भाड्याचे आणि चिंध्या विकल्याचे. डावा ढीग एवढासाच.

"हे ओट्याने कमावलं," आई म्हणाली. "तुम्ही काय कमावलं?"

बाबा दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी शाळेत गेले आणि युनिफॉर्मची ऑर्डर घेऊन आले. त्याच युनिफॉर्मांवर मी बी.कॉम. झाले, मग एम.कॉम. आमच्या घरातली पहिली पदवीधर मी, आणि हे सांगताना मी आवाज बारीक करत नाही.

आता मी आम्स्टरडॅमच्या स्लोटरडाइक भागात, स्टेशनसमोरच, एका आर्किटेक्ट कंपनीचे हिशेब बघते. पहिल्या वर्षीचं कॉन्ट्रॅक्ट तात्पुरतं होतं. ते कायम करायचं की नाही हे मार्चमध्ये ठरणार होतं, आणि इथे राहायचा माझा परवाना नोकरीवरच अवलंबून होता. नोकरी गेली असती तर बॅग भरून परत पुण्याला.

त्या हिवाळ्यात कंपनीचा नफा छान दिसत होता. संचालकांना नायमेखन शहरात दुसरं ऑफिस काढायचं होतं. मीटिंगसाठी तक्ता करायचं काम माझ्याकडे आलं. मी सहज मध्ये एक रेघ मारली. नकाशे आणि डिझाइन करून जे मिळालं आणि त्यासाठी जो खर्च झाला, ते रेघेच्या वर. बाकी सगळं खाली: बँकेकडून मिळालेलं व्याज, अर्धा मजला दुसऱ्या कंपनीला दिला त्याचं भाडं, जुनी गाडी विकून झालेला फायदा, आणि त्यातून वजा कर्जावरचं व्याज.

वर जवळजवळ काही उरतच नव्हतं! नफा होता तो सगळा रेघेखालचा. मी तीनदा तपासलं. खुर्चीत बसवेना. अगदी आईचा डावा ढीग!

जेवणाच्या सुट्टीत ब्रेड तसाच ठेवून घरी व्हिडिओ कॉल लावला. "आई, आमच्या ऑफिसची वरची कमाई सापडली मला!"

"अगं बाई! पैसे खातात का ते? तू कुठे सही-बिही केली नाहीस ना?"

"तसली वरची कमाई नाही गं. त्यांनी ओटा भाड्याने दिलाय."

आई हसायलाच लागली. "मग सांग की त्यांना."

"माझी नोकरी त्यांच्याच हातात आहे."

"माझं घर तुझ्या बाबांच्या हातात होतं. मी सांगितलंच ना?"

मागून बाबा ओरडले, "दोन दिवस बोलणार नाहीत, तयारी ठेव!"

मंगळवारच्या मीटिंगमध्ये मी तक्ता पडद्यावर लावला आणि रेघेवर बोट ठेवलं. मुख्य संचालिका, रोज सायकलने येणारी उंच बाई, उठून पडद्याजवळ आली. तिने सरळ विचारलं, "म्हणजे आपण आर्किटेक्ट आहोत की घरमालक?"

"या वर्षी तरी घरमालक," मी म्हटलं. इथे लोक तोंडावर बोलतात असं सगळे सांगतात. म्हटलं, आपणही बोलू.

कोणी हसलं नाही. बुधवारी काही निरोप नाही, गुरुवारीही नाही. दोन दिवस! बाबांची आठवण येऊन मला कॉफी मशीनपाशी एकटीला हसू फुटत होतं.

शुक्रवारी संचालिकेने बोलावलं. नायमेखनचं ऑफिस पुढे ढकललं होतं. आधी डिझाइनच्या कामाचे दर बघायचे, आणि दर तिमाहीला ती रेघ मारलेला तक्ता हवा. "हे कुठल्या कॉलेजात शिकवतात?" तिने विचारलं.

"आईने शिकवलं," मी म्हटलं. "शिवणाच्या दुकानात."

मार्चमध्ये माझी नोकरी कायम झाली.